७० टनाचा बॉयलर सौताडा घाटातनं आणला : ओडीसी (मापाबाहेरच्या मालाच्या) ट्रान्सपोर्टवाल्यांचा रिव्ह्यू

पाचपैकी तीन स्टार देतोय. वजन उचलून आणायच्या कामाला पाच आणि रस्त्याकडंच्या माणसांशी वागायच्या कामाला एक, असा तो हिशोब आहे. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण दुसऱ्यांची पण कोटेशनं घेतली होती आणि सगळ्यांची तऱ्हा सारखीच, मग एकट्याला बदनाम करून काय मिळायचंय. ज्यांना कारखान्यासाठी, जिनिंगसाठी नाहीतर पवनचक्कीच्या कामासाठी मोठा माल आणायचाय त्यांनी जरा लांबलचक असलं तरी वाचा, पैसे वाचतील आणि लोकांच्या शिव्या पण.

आमचा केज तालुक्यात गूळ पावडरचा कारखाना उभा राहतोय, भागीदारीत. बॉयलर पुण्याकडनं यायचा होता. वजन ७० टनाच्या घरात, रुंदी चार मीटरच्या वर, ट्रेलरवर ठेवला की उंची पाच मीटरच्या पुढं. आता साध्या ट्रकला कायद्यानं रुंदी २.६ मीटर चालते, त्याच्या बाहेर माल गेला की तो ओडीसी झाला आणि मग नॅशनल हायवेची परवानगी केंद्राच्या पोर्टलवरनं, राज्याच्या रस्त्याची बांधकाम खात्याकडनं, पोलिसांना कळवायचं वेगळं, लाइटवाल्यांचं वेगळं. एका कोटेशनवाल्यानं तर फोनवर सरळ सांगितलं की परवानगीचं काय घेऊन बसलात दादा, वाटंत बघून घेऊ. माल बाहेर आला की २० हजार दंड, वजन जास्त भरलं तर २० हजार आणि वरच्या दर टनाला दोन हजार, हे २०१९ पासून कायद्यात आहे. आणि दंडाचं सोडा हो, बिनपरवान्याचा ७० टनी डाग एखाद्या पुलावर बसला तर कोण येणारे सोडवायला? त्याला नमस्कार केला आणि ज्यानं आधी कागद दाखवले त्याला काम दिलं. भाडं सगळ्यात जास्त याचंच होतं, ते असू द्या.

खरा घोळ रस्त्यावरनं झाला. पुण्याहून केजला यायला दोन वाटा. एक सोलापूरवरनं, म्हणजे सोलापूर, तुळजापूर, धाराशिव, येरमाळा आणि मग कळंबवरनं आत. बहुतेक सगळा चौपदरी, पण शंभरेक किलोमीटरचा फेरा. दुसरी नगरवरनं, म्हणजे कडा, आष्टी, जामखेड, सौताडा, पाटोदा, मांजरसुंबा आणि नेकनूरवरनं खाली. जवळची आणि खरं सांगायचं तर आपल्या बीड जिल्ह्यातली सगळ्यात देखणी वाट. पावसाळा सरताना बालाघाटाच्या डोंगरावर जी हिरवळ असते, सौताड्याला विंचरणा नदी दरीत उडी घेते, रस्त्याला सीताफळाच्या पाट्या लागतात, ते ज्यानं बघितलंय त्याला सांगायची गरज नाही. ज्यानं मराठवाडा म्हणजे नुसता दुष्काळ आणि टँकर एवढंच ऐकलंय त्यानं एकदा भाद्रपदात या वाटेनं यावं.

ट्रान्सपोर्टवाला म्हणला सौताड्यावरनंच जायचं. कारण विचारलं तर म्हणला नवरात्र आहे. याच्यात तथ्य होतं. नवरात्रात आणि पुढं कोजागरीपर्यंत सोलापूर-तुळजापूर रस्ता चालत जाणाऱ्या भाविकांनी भरून वाहतो, वाहतूक वळवतात, त्या गर्दीत ओडीसी घालायची परवानगी कोण देईल आणि द्यावी तरी का. म्हणजे एकतर कोजागरी होऊन जाईस्तोवर थांबा नाहीतर घाटातनं चला. आमच्यातल्या दोघा भागीदारांना थांबायचं नव्हतं कारण गळीताचा हंगाम तोंडावर आणि ऊसवाले रोज विचारायलेत की ओ, धुराडं कधी पेटणार.

आणि मग या बातमीवरनं पाटोद्यापासून नेकनूरपर्यंत जे काही सुरू झालं ते ऐकण्यासारखं होतं. व्हॉट्सअपवर आमच्या बॉयलरचा फोटो आमच्या आधी फिरायला लागला. पाटोद्याकडच्या लोकांचं दुखणं जुनं आहे, पवनचक्क्यांचं. हल्लीच्या एका मोठ्या मॉडेलचा पंख्याचा व्यास १४४ मीटर असतो, म्हणजे एक पातं ७० मीटरच्या आसपास, एसटीच्या सहा गाड्या एकामागं एक लावल्या तर एवढी लांबी होते. ते पातं फाट्यावर वळवायचं म्हणजे टपऱ्यांचे पत्रे काढा, खांब हलवा, दुभाजक फोडा, आणि रस्ता तासनतास बंद. पातं निघून जातं, फोडलेलं तसंच राहतं. त्यामुळं आमचा बॉयलर त्याच्या मानानं पिटुकला असला तरी लोकांनी तोच राग आमच्यावर काढला. एका हॉटेलवाल्या काकांनी मला तोंडावर सांगितलं, तुमच्या बॉयलरशी माझं वाकडं नाही, पण माझ्या दारातली नाली मागच्या टायमाला फुटली ती अजून मीच पाट टाकून ओलांडतोय.

नायगावकडची पोरं वेगळ्या मुद्द्यावर होती. तिथं मयूर अभयारण्य आहे, १९९४ पासूनचं, हा रस्ता त्याच्या अंगानंच जातो. त्यांचं म्हणणं रात्रीचं आणा हे सगळे म्हणतात, पण रात्री पन्नास फ्लडलाइट लावून, हॉर्न वाजवत, जनरेटर धडधडत गाडी जाणार, मग त्या मोरांनी आणि हरणांनी कुठं जायचं. मला आधी वाटलं फोटो काढणाऱ्यांचं कायतरी फॅड असेल, पण पोरं मुद्द्याला धरून बोलत होती, बंद करा म्हणत नव्हती, अभयारण्याच्या टप्प्यात थांबू नका, हॉर्न नको, हेडलाइट खाली, आणि पहाटेच्या आत तो टप्पा पार करा एवढंच मागत होती. सीताफळवाल्या बायकांचं तिसरंच. वर्षातला दीडदोन महिन्यांचा धंदा, संध्याकाळी गिऱ्हाईक थांबतं, त्याच वेळी तुम्ही रस्ता अडवला तर पिकलेलं फळ दुसऱ्या दिवशी कोण घेणार. बीडच्या सीताफळाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय हे आपण स्टेटसला टाकतो, पाटीवाल्या मावशीला त्यातनं काय मिळतं ते कुणी विचारत नाही.

आणि ढाबेवाले? ते आमच्या बाजूनं. बारा-पंधरा माणसांचा ताफा मुक्कामाला म्हणल्यावर त्यांना कोण नको म्हणेल.

एक गोष्ट मात्र मी तिथं पारावरच्या बैठकीत पण बोललो आणि इथं पण लिहितो. आपल्याकडं दर हिवाळ्यात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, अशा गाड्या रात्रभर चालतात आणि त्यात दरवर्षी माणसं मरतात. त्याला परवानगी नाही, पायलट गाडी नाही, काही नाही. त्यावर कुणी पारावर बैठक घेत नाही कारण तो ऊस आपलाच असतो. बॉयलर निदान पुढं-मागं दिवे लावून, माणसाच्या चालीनं येतो. हे बोललो तर दोघं-तिघं हसले, एक आबा म्हणले बरोबर आहे पण त्यानं तुमचं बरोबर कसं ठरतं? गप बसलो, काय बोलणार.

असले वाद फक्त आपल्याकडंच असतात असंही नाही. अमेरिकेत आयडाहो राज्यात हायवे १२ म्हणून नदीकाठचा दुपदरी रस्ता आहे, लोक्सा आणि क्लिअरवॉटर नद्यांच्या कडेकडेनं जाणारा. कॅनडातल्या तेलवाळूच्या प्रकल्पांसाठी तिथनं अवाढव्य यंत्रं न्यायचा घाट २०१० च्या सुमाराला घातला गेला, त्यातली बरीचशी कोरियात बनलेली. लोकांनी विरोध केला, कोर्टकचेऱ्या झाल्या, ऑगस्ट २०१३ मध्ये तर नेझ पर्स या तिथल्या मूळ जमातीच्या लोकांनी रात्री रस्त्यावर उभं राहून गाडी अडवली, त्यांचे पुढारी अटक झाले, पुढच्याच महिन्यात कोर्टानं असली वाहतूक थांबवली आणि २०१७ साली समझोता होऊन मापाच्या मर्यादा ठरल्या. तिथं मुद्दा एकच होता, की नदी आणि जंगल त्यांचं, माल दुसऱ्याचा, आणि आधी विचारलं कुणी नाही. आपल्याकडं थोडा फरक आहे, कारखाना आपल्याच भागात होतोय, ऊस आपला, आणि पोरांना काम मिळालं तर कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडं जायची वेळ थोडी कमी येईल. म्हणून मी बंदीच्या बाजूचा नाही. पण विचारलं नाही हा भाग सेम टू सेम आहे.

आता कामाचं बोलतो, कारण तिथं या लोकांना मानलं पाहिजे.

ट्रेलर हायड्रॉलिक अ‍ॅक्सलचा होता, सहा रो म्हणजे चाकांच्या ओळी, एका रोला आठ टायर. नियमानं एका रोला १८ टन चालतं, म्हणजे ट्रेलरचं स्वतःचं वजन धरूनही हिशोबात बसत होतं, कुठं ओढाताण नव्हती. पुढं एक पुलर म्हणजे ओढणारी गाडी, घाटासाठी मागनं ढकलायला दुसरा. सौताड्याच्या चढाला मी स्वतः मागं चालत होतो. गाडी माणसापेक्षा हळू. ट्रेलरच्या कडेला पॉवर पॅकपाशी, म्हणजे हायड्रॉलिक चालवणाऱ्या इंजिनापाशी, एक सरदारजी उस्ताद बसलेले, त्यांच्यासमोर प्लॅटफॉर्मवर गवंड्याची असते तसली पाण्याची लेव्हल चिकटपट्टीनं चिकटवलेली, नजर सगळा वेळ त्या बुडबुड्यावर. रस्ता वळणाला आत कलला की ते एक व्हॉल्व्ह पाव फिरवायचे आणि त्या बाजूचे टायर जणू गुडघे वाकवल्यासारखे खाली-वर व्हायचे, बॉयलर मात्र सरळच्या सरळ. दोन्ही बाजूला दोन पोरं लाकडाचे ठोकळे घेऊन चाकाबरोबर चालणार, गाडी थांबली की ठोकळा चाकाखाली, शिट्टी वाजली की काढणार. मोबाइलला कुणाचा हात नाही. एका वळणावर मागची चाकं वेगळी वळवावी लागली, तिथं मागं बसलेला माणूस आणि पुढचा ड्रायव्हर वॉकीटॉकीवर पंजाबीत जे काही बोलले ते कळलं नाही पण कठड्यापासून हातभर अंतर ठेवून गाडी काढली. टाळ्या वाजवाव्या वाटल्या, वाजवल्या नाहीत, उगं त्यांचं लक्ष जायचं.

पुलावर पण शिस्त. पुलावर दुसरी एकही गाडी नाही, ट्रेलर बरोबर मधोमध, वेग ताशी पाच किलोमीटर, ब्रेक नाही, गिअर बदल नाही. नवे पूल बांधताना ३८५ टनाच्या स्पेशल गाडीचा भार याच अटींवर धरतात, पण जुन्या पुलांना तो हिशोब लावलेला नसतो, म्हणून यांनी प्रत्येक पुलाची माहिती आधीच काढून आणली होती. कडेनं गाडी घातली तर एकाच गर्डरवर म्हणजे पुलाखालच्या तुळईवर जास्त भार येतो एवढं साधं कारण, पण ते पाळणारे किती? अभयारण्याच्या टप्प्यात पोरांनी सांगितल्याप्रमाणं हॉर्न बंद ठेवला, हे मी स्वतः ऐकलंय, म्हणजे ऐकू आलं नाही. दोन पोरं मोटरसायकलवर मागं मागं आली होती खात्री करायला. याचे पाच स्टार कुणी काढून घेऊ शकत नाही.

मग एक स्टार कुठला? तर हायवे सुटल्यापासूनचा.

गावाच्या आतल्या रस्त्याचा सर्व्हे करायला यांचा माणूस चारचाकीत बसून आला, काचेतनं फोटो काढले, काठीनं तारांची उंची मोजली आणि गेला. तारांचं ठीक, ११ केव्हीची लाइन रस्ता ओलांडताना नियमानं ६.१ मीटरवर पाहिजे, आपल्याकडं उन्हाळे-पावसाळे खाऊन ती कुठं लोंबत असते ते सगळ्यांना माहिताय, पण लाइनमन भाऊ चांगला होता, लाइन बंद करून घेतली, बांबूनं तार उचलून धरली, काम झालं. ज्याच्याकडं कुणी बघितलंच नाही ते रस्त्याच्या खालचं. आपल्याकडं विहीर एका बाजूला आणि रान दुसऱ्या बाजूला असतं, मग रस्त्याच्या पोटातनं पाइप घातलेला असतो. हे गावात कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही. ट्रेलर जाऊन तास झाला नाही तोवर दोन ठिकाणी रस्ता ओला, पाइपलाइन फुटलेली, आणि ते पण ऐन ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीत.

त्याच्या पुढं चिंच. रस्त्याला एका मावशीची चिंच आहे, चांगली जुनी, फांद्या रस्त्यावर आलेल्या. गाडी पोचली तेव्हा पहाट. मावशी शेतात वस्तीला नव्हती, गावात होती. हेल्परनं चेनसॉ चालू केली आणि दोन दांडग्या फांद्या खाली. सकाळी मावशी आली तेव्हा फांद्या रस्त्याकडंला ओढून ठेवलेल्या, पानांत हिरवे कोवळे आकडे लगडलेले, बोटाएवढे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडं चिंचेचं झाड उभ्यानं विकतात, व्यापारी येतो, बहर बघतो, पैसे ठरवतो आणि माघ-फाल्गुनात झोडून नेतो. एकट्या बाईला ते वर्षाचं किराणा-औषधाचं साधन असतं. ती भांडली नाही हो. नुसते आकडे तोडून पदरात घेत होती आणि कुणाला तरी सांगत होती की व्यापारी परवाच बघून गेला. यांचा सुपरवायझर काय म्हणला माहिताय? झाड रस्त्याच्या हद्दीत आहे. असेल हद्दीत! वळणावर बघून अर्धी फांदी दोरीनं ओढून धरली असती तरी गाडी निघत होती, आमच्या गवंड्यानं मापून दाखवलं.

पैशाची गंमत तर पुढंच आहे. बोलणी करताना फोनवर भाषा अशी की दारात आणून ठेवू, सगळं आमच्याकडं. वर्क ऑर्डरच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात, की शेवटच्या टप्प्यातला रस्ता, तारा, झाडं, स्थानिक अडचणी या पार्टीच्या जबाबदारीवर. पार्टी म्हणजे आम्ही. लाइन बंद मिळेपर्यंत गाडी ढाब्यावर उभी राहिली त्याचं हॉल्टिंग पण आम्हालाच लावलं. म्हणजे घाटातली करामत दाखवायचे पैसे यांनी घेतले आणि पाइप, फांदी, नाली यांचं बिल शेवटी गावातच फिरत राहिलं. पाइपलाइन आम्ही नवीन टाकून दिली, मावशीला व्यापाऱ्यानं ठरवलेल्या भावात पैसे दिले, ते द्यायचेच होते. पण भाड्याच्या दरात हे धरलेलंच नसतं आणि म्हणून त्यांना सर्व्हे नीट करायची गरजच वाटत नाही, माझा सगळा राग एवढ्यावर आहे. ज्याच्या खिशाला चाट बसते तोच पायी चालून रस्ता बघतो.

तुम्ही काम देणार असाल तर माझं ऐका. सर्व्हेला त्यांच्या माणसाबरोबर गावातला एक जाणता माणूस द्या, जो कुठं कुणाची पाइप आहे सांगेल. ग्रामपंचायतीला आधी पत्र द्या आणि दवंडी म्हणा, व्हॉट्सअप म्हणा, तारीख-वेळ आधी सांगा, म्हणजे दूधवाले, शाळेची गाडी, दवाखान्यात जाणारे आपापलं बघून घेतील. संध्याकाळी सहा ते दहा सीताफळाच्या हंगामात त्या वाटेला चाक हलवू नका. आणि बिलातले थोडे पैसे हातात ठेवा, महिनाभर काही फुटलं-तुटलं नाही असं सरपंचांनी लिहून दिलं की मगच सोडा. हॉल्टिंग कशाला लागणार, कशाला नाही, ते पण आधीच कागदावर घ्या. पुढच्या पानापेक्षा मागचं पान आधी वाचा.

आमचं टर्बाइन अजून यायचंय. वजनाला बॉयलरपेक्षा कमी आहे. काम याच लोकांना देतोय, कारण घाटातला तो उस्ताद बघितल्यावर दुसऱ्या कुणावर भरवसा बसत नाही. पण या खेपेला सोलापूरवरनं, कोजागरी झालीय, रस्ता मोकळा आहे, शंभर किलोमीटरचं डिझेल जास्त लागलं तर लागू दे, भागीदारांत त्यावर आता कुणी हूं की चूं केलं नाही. पायी सर्व्हे आणि पाइपलाइनचं डिपॉझिट त्यांनी मान्य केलंय. झाडाच्या भरपाईवर अजून घासाघीस चालूय, त्यांचं म्हणणं झाडाचा भाव कुठनं काढायचा, मी म्हणलं आडतीवर चला, बारक्या पोराला पण माहिताय. ठरलं की इथंच खाली टाकतो.